उरलेल्या मटणाचे पॅटिस आणि घरातल्या बाईचा वाटा

रविवारी दुपारी आपल्या वस्तीतून चालत गेले की कुठल्या घरात काय शिजते आहे हे कुणी सांगायला लागत नाही. कल्याण पूर्वेच्या चाळी असोत, डोंबिवलीतल्या दोन खोल्या असोत की ठाण्यातल्या कोपरी, वागळे इस्टेटकडच्या वस्त्या असोत, आठवड्याचे एक मटण नाहीतर चिकन ठरलेले असते. मटणाचा दर किलोला ८०० रुपयांच्या घरात गेल्यापासून कित्येक घरांत पाऊण किलोचे अर्धा किलो झाले, अर्ध्याचे पाव झाले. रस्सा मात्र तेवढाच राहिला. पाणी वाढले, वाटण वाढले, फोडी कमी झाल्या.

आरोग्य तपासणीला घरोघरी जाताना आम्ही बायांना एक प्रश्न हमखास विचारतो. "ताई, रविवारी मटण केलं होतं का?" "हो, केलं होतं ना." मग दुसरा प्रश्न. "तुमच्या ताटात किती फोडी आल्या?" इथे बाई हसते. "मला रस्साच आवडतो," असे म्हणते, नाहीतर "नळी आली होती एक," असे म्हणते. इतक्या घरांतून इतक्या बायांना नेमका रस्साच आवडावा, हा योगायोग आम्हाला काही पटत नाही. आधी मुले, मग घरचा कर्ता, मग सासरे, आलेला दीर, आणि पातेले खरवडायला उरते ती बाई. पिशवी घेऊन रांगेत तीच उभी होती, वाटण तिनेच वाटले, हे वेगळेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे लोकलच्या बायकांच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक. जिना चढताना धाप लागते, डोके गरगरते, केस गळतात, कामात मन लागत नाही, आणि सगळ्यावर उत्तर एकच, "कामाचा थकवा असंल." मांसातले लोह शरीरात डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते, आणि मांस सोबत असले की त्याच घासातल्या डाळीचे-भाजीचे लोहसुद्धा जास्त मिळते. ज्या घरात मांस शिजते त्या घरात ते बाईच्या पोटात जात नसेल, तर तिथे पैशाइतकाच वाढण्याच्या पद्धतीचाही प्रश्न आहे.

आता पॅटिसचे बोलू. उरलेल्या मटणात उकडलेला बटाटा कालवून तव्यावर भाजलेले पॅटिस ही तशी साधी गोष्ट आहे. पण रश्शाचा वाटा डोळ्यांना दिसत नाही आणि पॅटिस मोजता येतात. दहा केले आणि घरात पाच माणसे असली तर दोन-दोन. आईच्या ताटात एकच पडला तर सात वर्षांची मुलगीसुद्धा विचारते, "आई, तुझा दुसरा कुठंय?" आहाराची मोठमोठी व्याख्याने देऊन जे साधत नाही ते या मोजणीने थोडेफार साधते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या वेळचे पान आम्ही पॅटिसला दिले आहे.

शिळे, उष्टे आणि आपले

हा विषय काढला की जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे आम्हाला कळते. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने दारोदार फिरून मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले. मेलेल्या जनावराचे मांस वाट्याला आले ते खाल्ले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि ते मागून आणलेले शिळे तुकडे, दोन्ही सोडायला सांगितले, आणि गावोगावच्या माणसांनी उपाशी राहण्याची वेळ आली तरी ते सोडले. तेव्हा "उरलेले खा" असे आपल्याच मासिकात कुणी लिहिले तर ते टोचणारच.

पण दुसऱ्याच्या घरून, दुसऱ्याच्या मर्जीने आलेले उष्टे ही एक गोष्ट आणि आपल्या पैशाने आणलेल्या, आपल्या पातेल्यातून आपण राखून ठेवलेल्या चार फोडी ही दुसरी गोष्ट. पुरवून खाण्याची अक्कल आपल्या घरांत पूर्वीपासून होती. मांसाच्या पट्ट्या कापून, उन्हात वाळवून चान्या करून ठेवायच्या आणि अडीअडचणीला भाकरीबरोबर काढायच्या, हे मराठवाड्याकडून ठाणे-कल्याणला आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद केली आहे. ते वाचताना कळते की वाया काही जात नव्हते, आणि त्यामागे हौस नव्हती, गरज होती. गरजेतून आलेले असले तरी ते ज्ञान होते.

शेजाऱ्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. ठाणे-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत 'पोटॅटो चॉप' होतो. कुस्करलेल्या बटाट्याची पारी, आत खिमा, आणि वरून अंड्यात बुडवून तळलेला. बटाटा हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि १५३४ ते १७३९ वसई त्यांच्याच ताब्यात होती. पारशी घरांत खिमा-बटाट्याचे कटलेट असतात. मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मुस्लीम मोहल्ल्यांत शामी कबाब. त्यात बटाट्याऐवजी चणाडाळ मांसाबरोबर शिजवून वाटतात, आणि पोषणाच्या दृष्टीने ती युक्ती सगळ्यांत सरस आहे असे आमचे मत आहे. लांब ब्रिटनमध्ये १९४० साली मांस रेशनवर आले ते १९५४ पर्यंत राहिले. युद्धाच्या वर्षांत बटाट्यावर मात्र रेशन नव्हते. तेव्हा तिथल्या बायांनीही उरलेल्या चिमूटभर मांसात बटाटा घालून टिक्क्या तळल्या आणि पोरे जगवली. थोडे मांस, भरपूर बटाटा, गरम तवा. जगभरच्या कष्टकरी घरांना हे आपापले सुचलेले आहे.

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला तेव्हा कुणी काय खावे यावर आठवडाभर वाद झाला. घरातल्या बाईला त्यातले किती मिळते, हा मुद्दा त्या वादात आमच्या कानावर तरी आला नाही.

आधी राखून ठेवायचे

"आमच्याकडे उरतंच कुठं?" हा पहिला आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. पाच माणसांत अर्धा किलो मटण आपोआप उरत नसते. ते उरवावे लागते. म्हणून पॅटिससाठीच्या फोडी जेवणानंतर शोधायच्या नाहीत. पातेले गॅसवरून उतरले की, कुणाच्याही ताटात पडायच्या आधी, स्वच्छ पळीने बाजूला काढायच्या. पाऊण किलो आणले असेल तर हाडे काढून एक वाटीभर, अर्धा किलो असेल तर अर्धी वाटी. त्या दिवशी प्रत्येकाला एखादी फोड कमी येईल. दुसऱ्या दिवशी ती मोजून परत मिळते.

याचा आरोग्याच्या दृष्टीने दुसरा फायदा आहे. ज्या पातेल्यात चार जणांच्या खरकट्या पळ्या बुडाल्या, जे दोन तास ओट्यावर उघडे राहिले, ते उरलेले आणि गरम असतानाच स्वच्छ भांड्यात काढलेले, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताटात वाढून परत आलेली फोड पॅटिसमध्ये कधीही घालू नये.

काढलेल्या फोडी स्टीलच्या पसरट ताटलीत पसरायच्या. खोल डब्यात गच्च भरून ठेवल्या तर मधला भाग तासन्तास कोमट राहतो. वर जाळी ठेवून पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची, ताटली पाण्याच्या परातीत ठेवली तर आणखी लवकर निवते, आणि मग झाकून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते आत गेले पाहिजे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात एका तासाच्या आत. फ्रिजमध्ये शिजलेले वरच्या कप्प्यात आणि कच्चे मटण-मासळी खालच्या, म्हणजे कच्च्याचे पाणी शिजलेल्यावर गळत नाही. रविवारचे सोमवारी रात्रीपर्यंत संपवावे, फार तर मंगळवारी. वीज सलग चार तासांपेक्षा जास्त गेली असेल तर ते मांस वापरू नये, वास चांगला असला तरी.

फ्रिज नाही अशी घरे आपल्या वस्तीत अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी नियम सोपा आणि कडक आहे. दुपारचे मटण त्याच रात्री पॅटिसमध्ये गेले पाहिजे, आणि तोवर दर दोन-अडीच तासांनी त्याला खळखळून उकळी द्यायची. रात्री केलेले सकाळपर्यंत ठेवायचे नाही. "आमची आजी तर सकाळ-संध्याकाळ उकळी देऊन तीन दिवस खायची," असे आम्हाला हटकून ऐकवले जाते. उकळीने जिवंत जंतू मरतात हे खरे. पण काही जंतू तोवर अन्नात विष सोडून मोकळे झालेले असतात आणि ते विष उकळून जात नाही. काहींची बीजे उकळीतूनही वाचतात आणि अन्न कोमट झाले की पुन्हा वाढतात. आजी जगली. आजीच्या घरातली किती पोरे हगवणीने गेली, हेही तिलाच विचारावे.

कृती

उकडलेले बटाटे तीन मध्यम, म्हणजे पाव किलो. हाडे काढलेले शिजलेले मटण एक वाटी, सुमारे १५० ग्रॅम. एक कांदा बारीक चिरून, दोन हिरव्या मिरच्या, आले-लसूण, मूठभर कोथिंबीर, दोन मोठे चमचे बेसन, जमल्यास एक अंडे, वरून लावायला रवा. एवढ्यात पन्नासेक ग्रॅमचे दहा पॅटिस होतात.

मटण रश्शातले असेल तर फोडी निथळून घ्या. रस्सा राहिला तर मिश्रण सैल होते आणि तव्यावर फुटते. हाडापासून मांस सोडवताना बोटांनी चाचपत जा. मानेच्या आणि बरगडीच्या फोडींत हाडाची बारीक कपची असते, ती लहान मुलाच्या किंवा दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या घशात अडकते. सोडवलेले मांस सुरीने बारीक चिरा किंवा पाट्यावर, खलबत्त्यात नुसते ठेचून घ्या. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो आणि मटण खाल्ल्यासारखे वाटत नाही. आपल्या माणसांना मटण दाताखाली लागले पाहिजे.

बटाटा गार असलेला बरा. आदल्या दिवशी उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा चिकट होत नाही, किसणीवर छान किसला जातो. पुरीबरोबरची बटाट्याची पिवळी भाजी उरली असेल तर तीही चालते, मग फोडणी वेगळी लागत नाही. हिरवा पडलेला, मोठे कोंब फुटलेला बटाटा मात्र घेऊ नका. त्यातले विषारी द्रव्य उकडून-तळून पुरते जात नाही. बाजार उठताना स्वस्तात मिळतो म्हणून असा बटाटा घरी येतो, तेव्हा पारखून घ्यावा.

बेसन आधी कोरडे भाजून घ्या, म्हणजे कच्चा वास राहत नाही. सगळे एकत्र मळून चाखून बघा आणि मगच मीठ घाला. मटणात मीठ आधीच असते, अंदाजाने पुन्हा घातले की खारट होते. अंडे घालणार असाल तर चाखून झाल्यावर घाला. दिवसभरात माणसाला सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ पुरते, म्हणजे एक लहान चमचा, आणि आपल्या घरांत लोणचे-पापड धरून ते कधीच ओलांडलेले असते.

मटण अर्धीच वाटी असेल तर उरलेली अर्धी वाटी शिजवलेल्या, निथळलेल्या चणाडाळीची घाला. चव जवळजवळ तीच राहते, आणि मांसामुळे त्या डाळीचे लोहही चांगले लागू होते. चिकन, काळीज, सुक्के केलेली वजडी, यांचेही पॅटिस होतात. काळजाचे पॅटिस रक्त कमी असलेल्या बाईला उत्तम, फक्त काळीज फार ठेचू नये, कडवट लागते. गरोदरपणात मात्र रोज काळीज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. पहिल्या तीन महिन्यांत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पॅटिस बोटभर जाड नकोत, अर्ध्या बोटाइतके थापा. दोन्ही बाजूंना रवा लावा. तव्यावर तीन-चार चमचे तेल टाकून मध्यम आचेवर एक बाजू चार मिनिटे, दुसरी चार मिनिटे. मोठ्या आचेवर वरून लाल होतात आणि आत फ्रिजचा गारठा तसाच राहतो. धोका त्या गारठ्यात आहे. पहिला पॅटिस मधोमध मोडून बघा. आतून वाफ निघाली पाहिजे आणि मधला भाग बोटाला चटका देणारा हवा. वर लिंबू पिळा, बरोबर कच्चा कांदा, काकडी घ्या. लिंबाने लोह शोषायला मदत होते. चहा मात्र तासभर थांबू द्या. पॅटिस म्हटले की आपण चहा टाकतोच, आणि तो चहाच त्या लोहाच्या आड येतो.

हिशेब सांगायचा तर १५० ग्रॅम मटणातून ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने येतात. अंडे, बेसन, बटाटा धरून एका पॅटिसमध्ये साधारण पाच ग्रॅम पडतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. दोन पॅटिसनी ती गरज भागत नाही, पण भाकरी-डाळीच्या जोडीला दहा ग्रॅमची भर पडते. नुसता रस्सा आणि भात खाऊन उठलेल्या बाईला ती दहा ग्रॅम कुठून मिळणार होती?

साखरेचा त्रास असलेल्यांनी दोन पॅटिस घेतले तर एक पोळी किंवा तेवढा भात कमी करावा. उकडून गार केलेला बटाटा गरम बटाट्यापेक्षा थोडा सावकाश पचतो, पण म्हणून चार खाऊ नयेत.

डब्याचा प्रश्न

मासिकाच्या पानावर पॅटिस आले म्हणजे उद्या ते डब्यात जाणार, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे नीट वाचावे. कल्याणहून सकाळी साडेसहाच्या लोकलला उभे राहणारे माणूस दुपारी एकला जेवते. साडेसहा-सात तास तो डबा गर्दीत, घामात, तीस-बत्तीस अंशांत असतो. गरम पॅटिस झाकणाखाली बंद केले की वाफेचे पाणी सुटते आणि ओलावा, ऊब, मांस या तिन्ही गोष्टी जंतूंना एकाच जागी मिळतात. असा डबा आम्ही देऊ देणार नाही. कामाच्या ठिकाणी फ्रिज आणि गरम करायची सोय असेल तर पॅटिस पूर्ण गार करून द्यावेत, पोहोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाताना आतपर्यंत गरम करावेत. ती सोय नसेल तर डब्यात भाजी-पोळी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे द्यावेत, आणि पॅटिस रात्री घरी.

नोकरी करणाऱ्या बाईला हेच सोयीचेही पडते. रविवारी संध्याकाळी थापून, रवा लावून, झाकून फ्रिजमध्ये ठेवले की सोमवारी आठ वाजता घरी पोहोचल्यावर तवा तापवायचे तेवढेच काम उरते. सकाळच्या शाळेच्या मुलाला दोन-अडीच तासांत मधली सुट्टी होत असेल तर ताजा भाजलेला, निववलेला एक पॅटिस चालेल. डबा परत आला आणि त्यात अर्धा पॅटिस उरला असेल तर तो टाकून द्यायचा. इथे काटकसर करू नये.

कापलेल्या, पू झालेल्या बोटाने मांस सोडवू नये, मिश्रण मळू नये. आम्ही दवाखान्यात वर्षानुवर्षे जखमा बांधल्या आहेत. त्या पूमधले जंतू अन्नात गेले की जे विष तयार करतात ते तव्यावर जळत नाही. बोटाला चिंधी बांधून काम चालू ठेवणे ही आपल्या बायांची सवय आहे. त्या दिवशी मळण्याचे काम मुलाने किंवा नवऱ्याने करावे. त्याचे हात धुवून घ्यावेत एवढेच.

वस्तीतल्या मोठ्या जेवणांचे उरलेले पॅटिसला घेऊ नये. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्यात शंभर माणसांच्या पातेल्यातले मांस मध्यभागी पहाटेपर्यंत कोमट असते. उन्हाळ्यात एका वस्तीत असे सकाळी वाटलेले मटण खाऊन संध्याकाळपर्यंत अख्खी चाळ पोट धरून बसलेली आम्ही पाहिली आहे. कार्यकर्त्यांनी रात्रीच उरलेले गरमागरम वाटून टाकावे, सकाळची वाट पाहू नये.

तेल

खोल तेलात तळले तर चवदार होतात, पण कढईभर तेल मग ओतवत नाही आणि तेच तीन-चार वेळा तापते. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हॉटेले-फरसाणवाल्यांसाठी तळणीच्या खराब तेलाची मर्यादा घालून दिली आहे. घरच्या कढईची तपासणी करायला कुणी येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला असा की एकदा तळणीला वापरलेले तेल गाळून भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवावे, त्यात पुन्हा तळू नये. काळपट, फेसाळ, चिकट तेल थेट टाकावे, पण मोरीत ओतू नये. तव्यावर चार चमच्यांत भाजले तर हा सगळा प्रश्नच उरत नाही.

गोळी आणि तपासणी

पॅटिसने रक्तक्षय बरा होतो असे कुणी समजू नये. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेल्या बाईला लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि त्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. आहाराने ती पातळी टिकते, पुन्हा घसरत नाही.

विदर्भातून ठाणे-कल्याणकडे आलेल्या आपल्या कुटुंबांनी आणखी एक करावे. सिकलसेल हा आजार आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, बऱ्याच प्रमाणात आढळतो. वारंवार हाडे-सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, रक्त सतत कमी असणे अशी लक्षणे असतील तर "मटण खा, रक्त वाढंल" म्हणून थांबू नये, तपासणी करून घ्यावी. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. लग्न जमवताना पत्रिका बघणे आपण सोडले ते बरेच झाले, त्या जागी सिकलसेलचा अहवाल बघावा.

आणि एवढी काळजी घेऊनही पोट बिघडलेच तर? खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत जोरदार उलट्या, किंवा सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब, असे साधारण दिसते. ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओतावे, अर्धे-अर्धे करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट-घोट द्यावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. जुलाब बंद होण्याच्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडले, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस, यांपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट न पाहता कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. जाताना काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि ते कधी शिजवले होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. आपत्कालीन कक्षात पहिल्यांदा तेच विचारतात.